हॅबिट, हॅबिटॅट, इनहॅबिटंट: चेक भाषेत हे तिघे एका छपराखाली कसे आणायचे?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी ब्र्नोमध्ये राहते, लेस्नाच्या वसाहतीत. १९६०च्या दशकातल्या या इमारतींना इथे ‘पानेलाक’ म्हणतात. काँक्रीटचे तयार पॅनेल एकमेकांना जोडून त्या उभ्या केल्या, आणि चेकियात आजही लाखो लोक अशाच घरांत राहतात. मे महिन्यात आमच्या वाचनालयात या इमारतींवर छोटं छायाचित्र प्रदर्शन आहे. फोटो माझ्या पोर्तुगीज मैत्रिणीचे, मजकूरही तिचाच, इंग्रजीत. तो चेकमध्ये करायचं काम माझ्याकडे आलंय.

प्रदर्शनाचे तीन भाग आहेत. पहिल्यात माणसांच्या सवयी: दाराबाहेर ओळीने काढलेल्या चपला, नाताळच्या आधी टबात सोडलेला जिवंत कार्प मासा. दुसऱ्यात भिंतींतल्या हवेच्या भोकांमध्ये घरटी करणारे ‘रोरीस’ पक्षी, म्हणजे आपल्या पाकोळीचे युरोपातले भाऊबंद. तिसऱ्यात रहिवाशांचे चेहरे. इंग्रजी शीर्षक आहे ‘हॅबिट, हॅबिटॅट, इनहॅबिटंट’, म्हणजे सवय, अधिवास, रहिवासी. तिन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले. ‘हाबेरे’ म्हणजे धरणं, जवळ असणं. त्यावरूनच राहण्याचा ‘हाबितारे’ आला आणि सवयीचा ‘हाबितुस’ही.

चेकमध्ये मात्र घर फुटतं. हॅबिटला ‘झ्विक’, हॅबिटॅटला ‘स्तानोविश्त्ये’ किंवा ‘बियोतोप’, इनहॅबिटंटला ‘ओबिवातेल’. (झ हा ‘माझा’मधला.) अर्थ बरोबर, पण तिघांचं एकमेकांशी नातं उरत नाही, आणि मैत्रिणीला नेमकं तेच नातं दाखवायचंय. गेले चार दिवस हेच डोक्यात घोळतंय. इथे भाषावेडे बरेच आहेत म्हणून विचारते.

पिंपळपान
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी निवांत वाचेन.

चाकणकर
कामानिमित्त दोन वर्षं म्लादा बोलेस्लावला होतो. चेक फारशी आली नाही, पण घर शोधताना एक शब्द कायमचा डोक्यात बसला. आपल्याकडे टू बीएचके, तसं तिथे ‘२+१’ म्हणजे दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर. पण ओटा खोलीतच असेल तर ‘२+का-का’. ‘कुखिन्स्की कोउत’, स्वयंपाकाचा कोपरा, त्याची ही आद्याक्षरं. घर दाखवणारी बाई फोनवर सारखी ‘द्वा का-का’ म्हणायची. मी घरी सांगितलं, दोन काकांसकट फ्लॅट मिळतोय. आईने विचारलं, भाडं ते देणार का?

बाकी फ्लॅटला ‘बित’ म्हणतात एवढं आठवतंय. यापुढे जाणकार बोलतील.

धातुकोश
मोरपंखी, घर फुटलंय खरं, पण फक्त दोनच वाटण्या झाल्यात. शिवाय दोन्ही घरांशी आपली जुनी सोयरीक आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फार दिवसांनी असा समोर आलाय.

पहिलं घर ‘विक’चं. झ्विक (सवय), नाविक (अंगी बाणलेली सवय), ओब्विक्ली (नेहमीचा), आणि झ्लोझ्विक (वाईट सवय, ‘झ्लो’ म्हणजे वाईट). ‘ओबिचेय’ म्हणजे रूढी, प्रथा; तोही याच घरातला. मुळात तो ‘ओब्’ आणि ‘विचाय’ असा होता, मधला व गळाला. याच धातूचं दुसरं रूप चेकमधलं शिकवणं. तो शब्द मोठ्याने म्हणून बघा: ‘उचित’. हो, अगदी आपला ‘उचित’. उच्चारातलं साम्य योगायोगाचं असेल, पण मूळ खरोखर एकच आहे. संस्कृतमध्ये ‘उच्’ धातू म्हणजे सवय होणं, रमणं. त्याचं भूतकालवाचक धातुसाधित ‘उचित’: ज्याची सवय झाली आहे ते, म्हणून योग्य ते. स्लाव्ह लोकांनी (चेक त्यांतलेच) सवय लावण्यावरून शिकवणं केलं, आपण सवयीचं झालेल्यावरून योग्य केलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. त्याच ‘उच्’पासून संस्कृतात ‘ओकस्’ होतो, आणि ओकस् म्हणजे घर! जिथे रमलो, जिथली सवय झाली, ते घर. स्वर्गात ज्यांचं घर ते ‘दिवौकस’, म्हणजे देव. रानात ज्याचं घर तो ‘वनौकस’, म्हणजे माकड. लॅटिनमध्ये सवय आणि वस्ती एका धातूतून आली, तशी आपल्याकडेही एका धातूतून आली. स्लाव्हिकमध्ये त्या धातूची सवयीची बाजू उरली, घराची बाजू गेली.

दुसरं घर ‘बीत’चं. ‘बीत’ दीर्घ म्हणजे असणं, ‘बित’ ऱ्हस्व म्हणजे फ्लॅट. धातू आपला ‘भू’. त्यातून आपल्याकडे ‘भवति’ही झालं आणि ‘भवन’ही. म्हणजे चेक माणूस बित भाड्याने घेतो तेव्हा तो एक छोटं भवनच घेतो. बिद्लेत (राहणं), बिद्लिश्त्ये (राहण्याचं ठिकाण), ओबिद्ली (निवास), ओबिवातेल (रहिवासी), पोबित (वास्तव्य) हे सगळे याच घरातले.

एक सापळा सांगून ठेवतो. ओबिचेय आणि ओबिवातेल सख्ख्या बहिणी वाटतात. तशा त्या नाहीत. पहिली ‘विक’ची, दुसरी ‘बीत’ची.

मुळा_मुठा
नाविक म्हणजे सवय! आमच्या कोळीवाड्यातल्या मित्राला सांगते, तू जन्मजात सवय आहेस.

मोरपंखी
धातुकोश, सहा वर्षं मी रोज ‘उचित’ ऐकतेय. शेजारच्या निवृत्त बाई तर शिक्षिका होत्या, त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा येतो. माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. ‘ओकस्’ तर आज पहिल्यांदा कळला. हे वाचून किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

काटेकोर
मी बावीस वर्षं भाषांतराचं काम करते (इंग्रजी ते मराठी), म्हणून थोडा वेगळा सूर लावते. धातुकोश यांची माहिती सुरेखच आहे, मी वहीत उतरवून घेतली. पण प्रदर्शनाच्या भिंतीपाशी माणूस पाच-सात सेकंद थांबतो. त्याला धातू दिसत नाहीत, कानाला जाणवतो तो नाद. इंग्रजी शीर्षक चालतं कारण तीनदा ‘हॅबिट’ ऐकू येतं. लॅटिन कुणाला आठवतं म्हणून नाही. तेव्हा शोध धातूचा नको, आवाजाचा हवा. आवाज मिळत नसेल तर तिथे सोडून द्या आणि मजकुरात दुसरीकडे भरपाई करा. एका ठिकाणी गमावलेलं दुसऱ्या ठिकाणी मिळवणं हा आमच्या धंद्याचा रोजचा हिशेब आहे.

दुसरं म्हणजे हॅबिटला प्रत्येक ठिकाणी एकच शब्द लावू नका. चपला दाराबाहेर काढणं आणि नाताळचा मासा टबात सोडणं या दोन्हींना मराठीतही आपण एक शब्द वापरत नाही. पहिली सवय, दुसरी रीत.

धातुकोश
काटेकोर, नादाचं मान्य. पण या प्रश्नात नाद आणि धातू वेगळे काढता येतील असं मला वाटत नाही. चेक वाचकाला ‘बित’ आणि ‘बीत’ यांची जवळीक ऐकू येतेच. आपल्याला ‘वास’ आणि ‘निवास’ ऐकू येतात तशीच.

रानवाटा
पक्ष्यांच्या भागाबद्दल लिहिते, कारण शीर्षकाइतकंच तेही महत्त्वाचं आहे. युरोपीय संघाचा १९९२चा हॅबिटॅट निर्देश चेकमध्ये ‘स्तानोविश्त्ये’ हाच शब्द वापरतो. त्यामुळे कायद्याबद्दल लिहिताना तो टाळता येणार नाही. परिस्थितिकीच्या पुस्तकांत बियोतोप जास्त दिसतो. पण रोरीस ज्या भोकात राहतो त्याला यांतला एकही शब्द शोभत नाही. ते त्याचं ‘ह्नीझ्दिश्त्ये’, घरट्याची जागा. ‘ह्नीझ्दो’ म्हणजे घरटं, आणि धातुकोश, हा आपला ‘नीड’च ना?

हा पक्षी मेच्या सुरुवातीला येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला परततो. दरवर्षी त्याच भोकाकडे. थंडी अडवायला पानेलाकना बाहेरून उष्णतारोधक थर लावतात, त्यात ही भोकं बुजतात, आणि आफ्रिकेतून आलेला पक्षी बंद भिंतीवर येऊन थडकतो. चेकियात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून जिथे काळजी घेतली जाते तिथे भोकं मोकळी ठेवतात किंवा थरातच पेट्या बसवतात. तुमच्या प्रदर्शनात हे ठळक यायला हवं. हॅबिट आणि हॅबिटॅट यांचं नातं त्या एका भोकात जितकं दिसतं तितकं शब्दकोशात दिसणार नाही. त्याची सवय हेच त्याचं घर आहे.

धातुकोश
हो, नीडच. आणि ओघात आलंय म्हणून आणखी एक: चेक ‘दोमोव’ (आपलं घर, मायभूमी) आणि आपल्या ‘दंपती’मधला ‘दम्’ एकच. दंपती म्हणजे मुळात घराचा धनी.

चाकणकर
स्तानोविश्त्ये! हा शब्द मी रोज वाचायचो. स्टेशनबाहेर टॅक्सी उभ्या राहतात तिथल्या पाटीवर. टॅक्सींचा अधिवास म्हणायचा.

आबोली_४२
विषयांतराबद्दल माफ करा, पण चपलांचा उल्लेख आला म्हणून. माझी जाऊ ओलोमोउत्सला असते. तिच्याकडे गेलं की दारातच पाहुण्यांसाठी ‘पापुचे’ ठेवलेले असतात, घरात घालायच्या सपाता. कुणी बूट घालून आत आलं तर शेजारीसुद्धा बोलतात. आपल्याला तर हे लगेच आपलंसं वाटतं. हा पापुचे कुठून आला?

धातुकोश
फारसी ‘पापोश’, तुर्कीतून युरोपात. आपल्याकडे तोच ‘पायपोस’. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, हे ओलोमोउत्सच्या दारात शब्दशः खरं ठरत असणार.

आबोली_४२
ठरतं! माझे एकदा बदललेच.

पिंपळपान
आलो निवांत. वाचताना एक गोष्ट सुचली. मराठीत हे शीर्षक करायला गेलं तर काहीच अडत नाही. राहणी, रहिवास, रहिवासी. तिन्ही ‘राहणे’चे. राहणी म्हणजे जगण्याची रीत, सवयी. रहिवास म्हणजे वस्ती. आपल्या क्रियापदात सवय आणि वस्ती आधीपासून एकत्र नांदतात. ‘साधी राहणी’ म्हणताना घराचा विचार मनात येत नाही आणि ‘पुण्यात राहतो’ म्हणताना सवयीचा येत नाही, तरी शब्द एकच.

काटेकोर
पिंपळपान, अप्रतिम. मी दोन तास झगडून ‘वास, अधिवास, निवासी’पर्यंत आले होते. ते सरकारी वाटत होतं. हे बोलतं आहे.

मोरपंखी
अगदी! मराठी फलक करायचा असता तर आत्ताच काम संपलं असतं. चेकमध्ये असं एक क्रियापद आहे का, हाच आता प्रश्न.

सातबारा
कायद्याच्या बाजूने थोडं. इंग्रजीत ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स’ अशी संज्ञा आहे. माणसाच्या आयुष्याचं केंद्र खरोखर जिथे आहे ते ठिकाण. युरोपीय संघाच्या वारसाहक्काच्या नियमावलीत (६५०/२०१२) तिचं चेक रूप ‘ओब्विक्ली पोबित’ असं आहे. धातुकोश यांची दोन्ही घरं इथे शेजारी शेजारी येतात, पहिला शब्द ‘विक’चा, दुसरा ‘बीत’चा. पण ही संज्ञा म्हणजे ‘त्रवाली पोबित’, कायम वास्तव्य, नव्हे. परदेशी माणसाच्या बाबतीत तो एक परवाना असतो, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांना तो साधारणपणे पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर मिळतो.

माझ्या बहिणीच्या कागदपत्रांत एका भाषांतरकाराने पहिल्याच्या जागी दुसरा लिहिला. तिला चेकियात येऊन दोनच वर्षं झाली होती. कागद परत आला, नवं भाषांतर, नवा शिक्का, सात आठवडे गेले. एका विशेषणाने माणसाची झोप उडते हे मी तेव्हा पाहिलं. म्हणून शब्द निवडताना मोरपंखी चार दिवस घालवतात हे मला फार योग्य वाटतं.

आणि ‘ओबिद्ली’ हा शब्द जपून वापरा. चेकियाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेत, कलम १२मध्ये, घराच्या अभंगतेची हमी आहे, तिथे हाच शब्द आहे. आदिमानवाच्या निवासालाही तोच वापरतात. त्यात औपचारिकपणा आहे. कुणी जेवणाच्या टेबलावर ‘माझं ओबिद्ली’ म्हणत नाही.

मुळा_मुठा
ग्रहांचं काय? खगोलशास्त्रातला ‘हॅबिटेबल झोन’ चेकमध्ये काय होतो?

मोरपंखी
‘ओबिवातेल्ना झोना’. पण मधली काही अक्षरं गळून ‘ओबित्ना झोना’ झालं की तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेला वाहतुकीचा फलक होतो: निवासी विभाग, मुलं रस्त्यावर खेळतात, वेग ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त नको. एका विद्यार्थ्याच्या अनुवादात परग्रहावर ताशी वीसचा विभाग झाला होता. आम्ही सगळे मनापासून हसलो होतो, तोही.

गोधडी
मी चेकची विद्यार्थिनी, अजून चाचपडते आहे. पण व्याकरणाच्या वर्गात परवाच शिकलेली एक गोष्ट इथे जुळते असं वाटतं.

चेकमध्ये नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप असतं. असणं म्हणजे ‘बीत’, तर नेहमी असणं म्हणजे ‘बीवात’. ‘ये दोमा’ म्हणजे तो (आत्ता) घरी आहे. ‘बीवा दोमा’ म्हणजे तो (सहसा) घरी असतो. वर्गातल्या जर्मन आणि कोरियन मुलांना हे कळायला वेळ लागला. मला क्षणात कळलं, कारण आपण ‘आहे’ आणि ‘असतो’ वेगळे ठेवतोच. आजी म्हणाली आणि आजी म्हणायची यांतला फरकसुद्धा ते असाच एका रूपाने करतात.

म्हणजे सवयीसाठी ‘विक’च्या घरी जायलाच नको ना? बीतच्या घरातच सवय आहे. बीत, बीवात, बिद्लेत. असणं, असत असणं, राहणं. नाद एक, घर एक.

चुकत असेन तर सांगा.

काटेकोर
गोधडी, चुकत नाही आहात. मी नामांच्या मागे लागले होते. इंग्रजीत तीन नामं होती म्हणून चेकमध्येही नामंच हवीत, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही क्रियापदं आणली आणि गाठ सुटली.

धातुकोश
एक भर घालतो. शेजारच्या स्लोव्हाकमध्ये ‘बीवात’चाच अर्थ राहणं, वस्ती करणं असा आहे. सवयीतून वस्ती होण्याचा जो प्रवास लॅटिनने केला तो सीमेपलीकडे याच क्रियापदाने केलाय. चेकमध्येही जुन्या वळणात तो अर्थ होता. तेव्हा ही त्रयी नादालाही पुरते आणि धातूलाही. गोधडी, तुम्हाला मनापासून दाद.

रानवाटा
शीर्षक सुंदर. पण रोरीससाठी ‘बिद्लेत’ वापरू नका असं सुचवते. पक्षी बिद्लेत करतात हे चेकमध्ये मुलांच्या गोष्टीतलं वाटतं. ते ‘झियी’, जगतात, किंवा ‘ह्नीझ्दी’, घरटं करतात.

सातबारा
आणि मग झ्विक शब्दाला अजिबात जागा नाही? चेक म्हण आहे, ‘झ्विक ये झेलेझ्ना कोशिले’, सवय हा लोखंडी सदरा आहे. अंगात घातला की निघत नाही. आपली ‘जित्याची खोड’ आठवते.

पिंपळपान
जित्याची खोड निदान मेल्यावर जाते. लोखंडी सदरा गंजेपर्यंत थांबावं लागेल.

मोरपंखी
मंडळी, काल संध्याकाळी शेजारच्या बाईंकडे गेले होते. दारातच त्यांनी पापुचे पुढे सरकवले आणि मला आबोली_४२ आठवल्या.

गोधडीची त्रयी कागदावर लिहून पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, ओठांतल्या ओठांत तीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, क्रम उलटा कर. आधी बिद्लेत, तो रहिवाशांच्या चेहऱ्यांवर. ज्यांची नावं बेलच्या बटणांवर आहेत ते बिद्लेत करतात. मग बीवात, तो सवयींवर: चपला, कार्प, शुक्रवारी दुपारी गावाकडच्या ‘खालुपा’कडे, म्हणजे सुट्टीतल्या घराकडे, निघालेली गाडी. आणि शेवटी बीत, तो रोरीसवर. मी विचारलं, पक्ष्यांना बीत का? त्या म्हणाल्या, त्यांचं बेलवर नाव नाही, भाड्याचा करार नाही, ते इथे नुसते असतात. आणि मग थोडं थांबून: आम्ही इथे राहायला आलो त्याच्या पहिल्या मेपासून आहेत.

रानवाटा, म्हणजे तुमचीही हरकत आपोआप दूर झाली. मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर तिला क्रम बदलायला थोडं जड गेलं, कारण भिंतीवरची मांडणीच उलटी होणार. पण आज सकाळी तिचा होकार आला. काटेकोर यांच्या सांगण्यावरून कार्पच्या फोटोखाली ओबिचेय लिहिलाय आणि चपलांखाली झ्विक. लोखंडी सदरा बाईंनीच एका वाक्यात बसवून दिला.

धातुकोश, ‘उचित’चं मी त्यांना सांगितलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई त्या. त्यांनी तो शब्द देवनागरीत लिहून मागितला. आता तो त्यांच्या फ्रीजवर आहे.

रानवाटा
वा! फक्त एकच: खालच्या मजकुरात कायद्याचं वाक्य येतंय ना? तिथे स्तानोविश्त्येच ठेवा.

मोरपंखी
ठेवलाय. आणि आमच्या इमारतीची दुरुस्ती याच वर्षी आहे. सातव्या मजल्याजवळची चार भोकं मोकळी ठेवावीत म्हणून रहिवाशांच्या सभेत अर्ज दिलाय. खाली बाईंची आणि माझी सही आहे.

गोधडी
पहिला रोरीस दिसला की इथे कळवा.